पारदर्शक दप्तर घेताय? आधी हे वाचा

वस्तू: शाळेचं पारदर्शक दप्तर, पीव्हीसीचं, कडांना काळी गोट, आत क्रोमबुकसाठी (शाळेतल्या छोट्या लॅपटॉपसाठी) एक कप्पा. किंमत पंचवीस डॉलरच्या आसपास. माझ्याकडून ५ पैकी २ तारे.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक आठवीत आहे. आमच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, कोणी दप्तरातून बंदूक आणू नये म्हणून सहावीपासून पुढे सगळ्यांना पारदर्शक दप्तर सक्तीचं केलंय, त्यामुळे आवडलं तर घ्या, नाही तर राहू द्या, अशी सोय नाही. घ्यावंच लागतं. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की मराठी मंडळाच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतं, कुठलं घेतलंत, टिकलं का, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. दप्तराबद्दल लिहीनच, पण ज्या नियमापायी ते घ्यावं लागतं त्याबद्दलही लिहिणार आहे. माझी मोठी तक्रार त्या नियमाबद्दल आहे.

आधी वस्तू. दुकानात ही सगळी दप्तरं सारखीच दिसतात. हात लावला की फरक कळतो. पातळ प्लास्टिक चिमटीत धरून दुमडलं की तिथे पांढरी रेघ उमटते आणि ती जात नाही. तसलं घेऊ नका, थंडीत कडक होऊन त्याच रेघेवर तडकतं. जाडी चांगली असली तरी शिलाई बघाच. कापडात सुई गेली तर धागे बाजूला सरकतात, प्लास्टिकला मात्र प्रत्येक टाक्याचं कायमचं भोक पडतं. पट्टा जिथे दप्तराला जोडलेला असतो तिथे ही भोकं एका रांगेत येतात आणि आत पुस्तकं, क्रोमबुक, भरलेली पाण्याची बाटली असं वजन पडलं की पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रांगेवरून फाटतं. आमचं पहिलं दप्तर असंच गेलं. दुसऱ्याला पट्ट्याच्या मुळाशी कापडाचा चौकोनी तुकडा आहे, त्यावर चौकट शिवून आत फुली मारली आहे. ते अजून शाबूत आहे. मी दिलेले तारे त्या फुलीचे आहेत.

कागदांचं नुकसान होतं हे दुकानात कोणी सांगत नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते उष्णतेने पृष्ठभागावर येतं आणि झेरॉक्सची शाई ओढून घेतं. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे गाडी तासभर उन्हात उभी राहिली तरी आतलं दप्तर हाताला चिकट लागतं. एकदा विज्ञानाची वर्कशीट आतल्या बाजूला टेकून राहिली. सोलून काढली तेव्हा पेशीची आकृती, तिच्या भागांची निम्मी नावं आणि लेकीचं स्वतःचं नाव प्लास्टिकवर उतरलं होतं. अजूनही बाहेरून स्वच्छ वाचता येतं. स्पिरिटने पुसलं तर प्लास्टिक धुरकट झालं, अक्षरं तशीच राहिली. सुट्या कागदांसाठी जाड पुठ्ठ्याचं फोल्डर ठेवा. वास म्हणाल तर नवीन दप्तर गॅलरीत आठवडाभर उघडं टांगून ठेवलं की सुसह्य होतो. टीपीयूचं (हेही एक पारदर्शक प्लास्टिकच) दप्तर मिळालं तर जास्त चांगलं, महाग पडतं पण वास कमी.

वापरण्याबद्दल इतकंच. आता दिसण्याबद्दल.

मी फार्मसीत काम करते. आमच्याकडे औषध कागदी पिशवीत घालून वरून स्टेपल करतात. काउंटरवर औषधाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मागच्या गिऱ्हाइकाने जरा लांब उभं राहावं म्हणून जमिनीवर पट्टी मारलेली आहे. चाळिशीतल्या माणसाच्या ब्लडप्रेशरच्या गोळीसाठी आम्ही एवढं करतो. टेक्ससमध्ये दमा किंवा तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला आपलं औषध शाळेत जवळ ठेवायची कायद्याने मुभा आहे, पण त्यावर प्रिस्क्रिप्शनचं लेबल असावं लागतं. म्हणजे मुलाचं नाव, औषधाचं नाव, डॉक्टरचं नाव, सगळं त्या लेबलवर. काउंटरवरून मी जी गोष्ट झाकून देते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या रांगेत कोणालाही वाचता येते. हे बघून मला दर वेळी राग येतो, आणि तो राग योग्य आहे असंच मला वाटतं.

औषधं हा एक भाग झाला. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील वेगळे राहतात. आलटून-पालटून शुक्रवारी तिच्या दप्तरात रात्रीचे कपडे आणि टूथब्रश असतो, आणि आज ती कोणाकडे जाणार हे अख्ख्या वर्गाला माहीत असतं. माझी लेक लायब्ररीतलं पुस्तक मुखपृष्ठ आतल्या बाजूला करून ठेवते. पुस्तकात लपवण्यासारखं काही नसतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला आपण काय वाचतोय हे कोणाला सांगायचं, ते स्वतः ठरवावंसं वाटतं, आणि ही तिच्या मोठं होण्याचीच खूण आहे. टेक्ससमध्ये २०२५ पासून शाळेच्या वेळात फोन वापरायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा फोनही बंद करून दप्तरातच पडून असतो, सगळ्यांना दिसेल असा.

सॅनिटरी पॅडचं काय, असं विचाराल, तर त्यासाठी पाऊच आहे. २०२२ च्या जुलैत डॅलस आयएसडीने, म्हणजे डॅलस शहराच्या डिस्ट्रिक्टने, सहावी ते बारावीच्या मुलांना पारदर्शक किंवा जाळीचं दप्तर सक्तीचं केलं, तेव्हाच साडेपाच बाय साडेआठ इंचापर्यंतचा एक न दिसणारा पाऊच आत ठेवायला परवानगी दिली. आमच्या डिस्ट्रिक्टनेही तेच माप उचललं. म्हणजे मुलांना झाकून ठेवायला थोडी जागा लागते हे नियम करणाऱ्यांनाही मान्य होतं. नियमातला हा एकच भाग मला समजूतदारपणाचा वाटला.

पण तोही टिकला नाही. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं की त्या मापाच्या पाऊचमध्ये छोटं पिस्तूल मावणार नाही का? प्रश्न रास्त होता. त्यावर उत्तर मिळालं, मग पाऊचही उघडून बघू. ऑक्टोबरात एका सकाळी गेटवर घडीच्या टेबलावर पाऊच पालथे करणं सुरू झालं. कोणावर संशय होता म्हणून नाही, रांगेतल्या अधल्यामधल्या मुलाला बाजूला घ्यायचं, एवढंच. माझ्या लेकीचा पाऊच पालथा झाला तेव्हा टेबलाशी पुरुष गार्ड होता आणि मागे तिच्याच वर्गातली मुलं उभी होती. पॅड आणि एक जादाची चड्डी, बाकी काही नव्हतं. तिने घरी एक शब्द काढला नाही. मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

मी असिस्टंट प्रिन्सिपलना लिहिलं. उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, तुमच्या मुलीला वेगळं काढलेलं नाही. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण नेमकं तेच चुकीचं आहे असं माझं मत आहे. कारण नसताना सगळ्यांची झडती घेतली म्हणून ती झडती न्याय्य होत नाही.

आणि हे मी आईच्या मायेपोटी म्हणत नाही. या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची मांडणी १९८५ मध्येच करून ठेवली आहे. ते प्रकरण न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या हायस्कूलचं. माझी नणंद तिथून जवळच एडिसनला राहते, आपली खूप माणसं त्या भागात आहेत, पण हा निकाल तिथल्या शाळेचा आहे हे फारसं कोणाला माहीत नसतं. १९८० मध्ये चौदा वर्षांची एक मुलगी बाथरूममध्ये सिगारेट ओढताना सापडली. ऑफिसात तिने नाकारलं. असिस्टंट व्हाइस प्रिन्सिपलने तिची पर्स उघडली, सिगारेट मिळाल्या, गांजा ओढायचे कागद दिसले, मग त्याने पर्स पूर्ण धुंडाळली आणि गांजा व पैशांच्या हिशेबाची चिठ्ठी निघाली. कोर्ट म्हणालं, झडती वैध. पण त्याबरोबर दोन गोष्टी ठरवल्या. एक, घटनेतली चौथी दुरुस्ती, म्हणजे सरकारी माणसांनी अवाजवी झडती घेऊ नये हा हक्क, शाळेतल्या मुलांनाही लागू आहे. दोन, शाळेला पोलिसांसारखं वॉरंट लागत नाही, पण झडतीला वाजवी कारण हवं, आणि ती त्या कारणापुरतीच असायला हवी.

त्या 'कारणापुरतीच'चा अर्थ २००९ मध्ये स्पष्ट झाला. अ‍ॅरिझोनातल्या सॅफर्ड गावात सॅव्हाना रेडिंग नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीवर शाळेला संशय आला की तिच्याकडे आयबुप्रोफेनच्या गोळ्या आहेत. दप्तर बघितलं, काही नाही. मग तिला नर्सच्या ऑफिसात नेऊन कपडे काढायला लावले आणि अंतर्वस्त्रं झटकून दाखवायला सांगितली. तरी काही नाही. त्या गोळ्या ४०० मिलीग्रॅमच्या होत्या. फार्मसीत त्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतात हे खरं, पण शेल्फवरून कोणीही उचलतो त्या साध्या गोळ्या दोन घेतल्या की तेवढीच मात्रा होते. कोर्टाने आठ विरुद्ध एक मताने सांगितलं की ही झडती घटनाबाह्य होती. तेव्हा त्या बेंचवर रूथ बेडर गिन्सबर्ग या एकट्याच महिला न्यायमूर्ती होत्या. निकालाआधी एका मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या की आपले सहकारी कधी तेरा वर्षांची मुलगी नव्हते. माझी लेक आज त्याच वयाची आहे.

कोर्ट नेहमीच मुलांच्या बाजूने गेलं, असं मात्र नाही. १९९५ मध्ये खेळाडूंची आणि २००२ मध्ये अभ्यासाबाहेरच्या इतर स्पर्धा-उपक्रमांत भाग घेणाऱ्या मुलांची ड्रग्जसाठी लघवी तपासणं कोर्टाने संशयाशिवायही मान्य केलं. गेटवरच्या मेटल डिटेक्टरलाही कोर्टांनी बहुतेक वेळा हरकत घेतलेली नाही. त्यामुळे पारदर्शक दप्तराविरुद्ध कोर्टात जाऊन उपयोग होईल असं मी कोणाला सांगणार नाही.

मंडळातली माझी एक मैत्रीण, जिचा मुलगा दहावीत आहे, मला म्हणाली, "अगं, निदान काहीतरी केलं ना त्यांनी. मला तेवढंच बरं वाटतं." तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. २४ मे २०२२ ला आमच्याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडताना इथल्या प्रत्येक आईच्या पोटात काय होत होतं ते मला ठाऊक आहे. डॅलसचा दप्तराचा नियम त्यानंतर दोन महिन्यांत आला. पण युवाल्डीचा हल्लेखोर अठरा वर्षांचा, शाळा सोडलेला होता आणि रायफल घेऊन बाहेरून दारातून आत शिरला. फ्लोरिडात पार्कलंडला फेब्रुवारी २०१८ मध्ये सतरा जणांचा जीव घेणाराही माजी विद्यार्थी होता, तोही बाहेरूनच आला. आणि त्या शाळेतली वाचलेली मुलं एप्रिलमध्ये सुट्टीनंतर वर्गात परतली तेव्हा त्यांच्या हातात पारदर्शक दप्तरं दिली गेली. त्या मुलांनी दप्तरांना १ डॉलर ५ सेंट किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. बंदूकवाल्यांच्या संघटनेकडून एका सिनेटरला मिळालेल्या पैशांना फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागून तो आकडा त्यांनी काढला होता. पुढच्या शालेय वर्षात तिथे तो नियम राहिला नाही.

दप्तरातूनच बंदूक आली असं एक प्रकरण मात्र आहे, आणि मैत्रिणीशी बोलताना मी तेच काढलं. मिशिगनमधलं ऑक्सफर्ड हायस्कूल, ३० नोव्हेंबर २०२१. त्या दिवशी सकाळी शिक्षिकेला एका मुलाच्या कागदावर बंदुकीचं चित्र आणि भयंकर मजकूर दिसला. मुलाला ऑफिसात बोलावलं, आईवडिलांनाही बोलावलं. त्यांनी त्याला घरी न्यायला नकार दिला. मुलगा वर्गात परत गेला आणि थोड्याच वेळात त्याने चार मुलांचा जीव घेतला. पिस्तूल त्याच्या दप्तरात होतं. ते दप्तर कोणी उघडलं नाही. १९८५ च्या निकालाने ज्या झडतीला मोकळीक दिली आहे, अगदी तशीच झडती घ्यायला इथे समोर कारण होतं, एका विशिष्ट मुलाबद्दल, कागदावर लिहिलेलं. त्या पालकांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा इतर शेकडो मुलांना पारदर्शक दप्तरं वापरावी लागली.

मैत्रीण म्हणाली, ते दप्तर पारदर्शक असतं तर दिसलं असतं. कदाचित. पण पिस्तूल जाकिटात गुंडाळून ठेवलं की पारदर्शक दप्तरात फक्त जाकीट दिसतं. व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलाने शिक्षिकेवर गोळी झाडली, तेव्हा दप्तर तर बघितलं गेलं होतं. त्यात काही सापडलं नाही. पिस्तूल अंगावर असेल असा शिक्षकांना संशय होता, त्यांनी पुन्हा पुन्हा कळवलं, पण वरून परवानगी मिळाली नाही. २०२५ मध्ये ज्यूरीने त्या शिक्षिकेला तेव्हाच्या असिस्टंट प्रिन्सिपलविरुद्ध एक कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांतल्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती, आणि बहुतेकांनी आधी कोणाजवळ तरी आपला इरादा बोलून दाखवला होता. म्हणजे बंदूक कुलपात ठेवणं, आणि मूल काही बोललं तर ते ऐकून त्याच मुलाकडे वळणं. पारदर्शक दप्तराने यातलं काहीच होत नाही. शंभर मुलांचं सगळं सगळ्यांना दिसतं आणि ज्या एका मुलाकडे बघायला हवं त्याच्याकडे बघायची सक्ती कोणावरच येत नाही.

मशीनचंही तसंच आहे. एआयने हत्यार ओळखणारे गेट अनेक शाळांनी घेतले. त्यातल्या इव्हॉल्व्ह कंपनीवर नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणारे दावे केल्याची कारवाई केली. शाळेतला एक सात इंची चाकू गेटमधून निसटला आणि त्याच चाकूने एका मुलाला भोसकलं गेलं, तर दुसरीकडे लॅपटॉप आणि वह्यांच्या बाइंडरवर अलार्म वाजत होता.

हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे असं वाटत असेल तर माझं माहेर कल्याणला आहे. जुलै २०२५ मध्ये तिथून लोकलने जेमतेम तासाभरावरच्या शहापूरला एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना गोळा करून कोणाला पाळी आली आहे हे विचारलं आणि काही मुलींचे कपडे काढून तपासल्याची तक्रार झाली. मुख्याध्यापिकेला आणि एका मदतनीस बाईला अटक झाली, पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला पुढे बोलवेना. तिथे तर सुरक्षेचं कारणही नव्हतं. पण मुलीचं शरीर आणि तिचं सामान शाळेला कधीही उघडून बघता येतं, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

आमच्या शाळेत शेवटी थोडा फरक पडला. सात-आठ आया मिळून प्रिन्सिपलना भेटलो. १९८५ आणि २००९ च्या निकालांच्या एका पानाच्या नोंदी मी छापून नेल्या होत्या. आता पाऊच गेटवर उघडत नाहीत. काही कारण असेल तर ऑफिसात, बाईमाणसासमोर, आणि त्याच दिवशी घरी कळवून. दप्तराची सक्ती मात्र कायम आहे, त्यावर बोर्डाच्या सभेत आम्ही बोलणार आहोत.

तोवर दप्तर घ्यावंच लागणार, तेव्हा माझा सल्ला. पट्ट्याच्या मुळाशी फुलीची शिलाई असलेलं घ्या. पाऊच गडद रंगाचा, आत अस्तर असलेला घ्या, आणि आपल्या डिस्ट्रिक्टचं माप आधी वाचा, कारण अर्धा इंच मोठा निघाला तर गेटवर काढून घेतात. इनहेलर पाऊचमध्येच, लेबल आतल्या बाजूला. शुक्रवारच्या कपड्यांसाठी मी त्या मुलीच्या आईला एक युक्ती सांगितली, ती म्हणजे दोन्ही घरी कपड्यांचा एक-एक जोड आणि टूथब्रश कायमचा ठेवणं. आणि शाळेला ईमेलने लेखी विचारून ठेवा, पाऊच कोण उघडणार, कुठे उघडणार, कशावरून उघडणार. आम्हाला उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण ते आज माझ्याकडे लिहिलेलं आहे.